काचेची तार आणि आप्पांची तंबाखू

निपाणीत धूळ संपत न्हाय आणि एक्स्चेंजातले किस्से बी संपत न्हाईत! सकाळी झाडलं की संध्याकाळी परत ढीग. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या टेलिफोन एक्स्चेंजात फायबर केबल आली, तेव्हापासून तर विचारूच नका.

आप्पा आमचे जुने केबल जॉइंटर. तांब्याच्या तारेत करंट हाय का न्हाय, ते जिभेला लावून सांगायचे. झिणझिणलं की म्हणायचे, "जिवंत हाय!" पहिल्याच दिवशी त्यांनी नव्या केबलचं टोक उचललं आणि लावलं जिभेला. मी वरडलो, "आप्पा, ती काच हाय!"

"तरीच म्हटलं, चव कशी न्हाय!"

ते टोक स्पिरिटनं पुसता पुसता माझी दुपार गेली.

झाडूवाल्या शांताक्कांची तऱ्हा निराळी. "केबलच्या टोकात डोळा घालून बघायचं न्हाय. बोलणं नेणारा आतला उजेड दिसत न्हाय, पण डोळा जातो," असं मी एकदा बजावलं. तेव्हापासून त्या डोळ्यांवर पदर ओढून झाडायच्या आणि रोज खुर्चीला धडकायच्या! वर मलाच झापायच्या, "न दिसणाऱ्या उजेडाला भ्यायचं, मग भुतानं काय घोडं मारलंय रं?"

एकदा टेस्टिंग चालू असताना आप्पांनी उरलेली केबल गच्च गुंडाळून, दोऱ्यानं आवळून, अंबाड्याएवढी करून ठेवली. दिसायला झकास, पण लाइन बंद! बेळगावहून इंजिनिअर साहेब धावत आले. वेटोळं सैल केलं, की लाइन चालू.

"म्हंजे हिला आवळायचं न्हाय," आप्पा म्हणाले. "आमच्या घरात बी तीच पद्धत हाय."

पण साहेबांचा खरा राग तंबाखूवर. एवढासा कण टोकावर बसला की लाइन कच्ची, आणि आप्पांची चिमूट तर दिवसभर चालू! शेवटी साहेबांनी दम दिला, "तंबाखू सोडा, नाहीतर जंगलातल्या लोंढ्याला बदली!" आप्पांच्या निपाणीतल्या नव्या घरावर नुकतीच कौलं चढलेली. हादरलेच! देवाशपथ सोडतो म्हणाले. मला बी लई वाईट वाटलं, आप्पांबिगर एक्स्चेंजात करमलं नसतं.

नव्या लाइनच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी शेवटची टेस्ट. वैनी, म्हणजे आप्पांच्या मंडळी, लेकीच्या बाळंतपणाला बेळगावात वडगावला गेलेल्या. लेकीच्या शेजारच्या साडीवाल्यांकडं फोन होता. "पहिला कॉल तुमचाच," म्हणत साहेबांनी दुसरा हेडफोन स्वतःच्या कानाला लावला.

आप्पा ट्रंक कॉलच्या सवयीनं वरडले, "हॅलो! मी बोलतोय! तंबाखू सोडली बरं का!"

पलीकडून वैनींचा आवाज आला, समोर बसल्यागत:

"सोडली व्हय? मग गालात काय हाय?"

साहेबांनी हेडफोन काढला. "लाइन पास! आप्पा नापास!"

आप्पा खिडकीशी गेले, पचकन थुंकले आणि तोंड पुसत म्हणाले, "पण साहेब, असलं टेस्टिंग लोंढ्यात बसून झालं असतं व्हय?"