जुलै महिन्यातला पत्ता

अमिरातीत पोस्टमन नसतो. निदान आमच्या वेळी तरी नव्हता. शारजात, अल नहदामध्ये आमच्या इमारतीला नाव होतं, फ्लॅटला नंबर होता, पण त्या दारापर्यंत पत्र येण्याची सोयच नव्हती. पत्रं यायची बाबांच्या ऑफिसच्या पीओ बॉक्सवर, म्हणजे पोस्टाच्या भिंतीत ओळीनं बसवलेल्या पत्र्याच्या कप्प्यांपैकी एकात. कंपनीचा ड्रायव्हर आठवड्यातून दोनदा तो उघडायचा आणि बाबा आमची पत्रं डब्याच्या पिशवीतून घरी आणायचे. लग्नपत्रिका, बँकेची पाकिटं, चिंचवडच्या काकूनं पाठवलेला दिवाळी अंक. कुठलाही फॉर्म समोर आला की आम्ही डोळे मिटून तोच नंबर लिहायचो.

ही सवय मला महागात पडली. आजही कुणी "इथे पत्ता लिहा" म्हटलं की माझं डोकं उठतं.

बाबा एका कंत्राटदार कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर होते. दुबई मरीनातल्या टॉवरना किती सळई आणि किती सिमेंट लागेल, ते काढून द्यायचे. तेजीच्या काळात कंपनी मुलांची फी भरायची, म्हणून त्यांनी मला भारतीय शाळेतून काढून दुबईच्या एका अमेरिकन शाळेत घातलं. तिथे एपी नावाचं एक प्रकरण होतं. शाळेत असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा विषय शिकायचा, मे महिन्यात अमेरिकेहून आलेला पेपर सोडवायचा आणि पाचपैकी मार्क मिळवायचे. चांगले मिळाले की तिकडच्या कॉलेजात तो विषय पुन्हा करावा लागत नाही. बारावीच्या वर्षी मी तीन घेतले: कॅल्क्युलस, फिजिक्स आणि केमिस्ट्री.

"आमची शाळेत बसूनच कॉलेज करते हो," आई तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सगळ्यांना सांगत होती. तिथल्या एक काकू म्हणाल्या, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागता? सरळ सीबीएसई करू द्या की." आईनं त्यांच्या पानात मोदक निवडून लहान वाढला. काकूंचं बरोबर होतं, याचा मला अजून राग येतो.

ते दोन हजार आठ साल होतं. दिवाळीपर्यंत मरीनातल्या क्रेन थांबायला लागल्या. शाळेच्या बसमधून रोज दिसणारी एक क्रेन काहीतरी अर्ध्यावर लटकवून तशीच महिनाभर उभी होती. आमच्या मजल्यावरची माणसं एकेक करून गेली. लिफ्ट उघडली की आत कुणाचा तरी सोफा. "अमेरिकेचं आता विसर," बाबा फेब्रुवारीत म्हणाले, "पण परीक्षा दे. शिकलेलं कुठे जात नाही." मी दुसरं काय करणार होते? अभ्यास करत राहिले.

मार्चमध्ये बाबांची नोकरी गेली. नोकरी गेली की व्हिसा रद्द, आणि व्हिसा रद्द झाला की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. माझे पेपर मेमध्ये होते, शाळेचा शेवटचा दिवस जूनमध्ये. मी जेवणाच्या टेबलावरच रडायला लागले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा डबा घेऊन नेहमीसारखे ऑफिसला निघाले.

"मॅनेजरनं जूनपर्यंत व्हिसा ठेवलाय," आई म्हणाली. "तू अभ्यास कर."

"बट हाऊ?"

"बोलले बाबा त्यांच्याशी."

"ओके, कूल," मी म्हणाले आणि टोस्टला बटर लावायला घेतलं. पुढे काही विचारलं नाही. सतराव्या वर्षी आईबाप काहीतरी करून जमवतात, एवढंच माहीत असतं.

परीक्षेआधी शाळेनं सांगितलं की पहिल्या पेपरला एक कागद भरायचा आहे आणि त्यावर जुलै महिन्यात तुम्ही जिथे असाल तिथला पत्ता लिहायचा. निकालाचं पत्र तिकडे जाईल. पहिल्या पेपरच्या सकाळी गाडीतून उतरताना मी बाबांना विचारलं, "बाबा, विच ॲड्रेस? चिंचवडचा लिहू?"

"चिंचवडचा कशाला? आपला बॉक्स लिही," बाबा म्हणाले. "दोन इंटरव्ह्यू आहेत पुढच्या आठवड्यात. इन्शाल्ला, जुलैत इथेच असू."

मला कळत होतं की आम्ही इथे नसणार. परीक्षेच्या हॉलमधल्या, घरचे सोफे विकलेल्या सगळ्या पोरांना ते कळत होतं. पण काकाचा पत्ता लिहिणं म्हणजे बाबांना नोकरी मिळणार नाही असं पेन्सिलीनं लिहून देणं. मी बॉक्स नंबरचे गोल एकेक करून काळे केले. निकाल कुठल्या कॉलेजला पाठवायचा, तो रकाना कोराच ठेवला. पेपर मात्र सुरेख गेले. कॅल्क्युलसचा शेवटचा प्रश्न सुटला तेव्हा जो आनंद झाला, तसा नंतर कशानंच झालेला नाही.

जूनच्या शेवटी आम्ही काकांच्या चिंचवडच्या फ्लॅटमध्ये होतो. पुण्यातल्या कॉलेजच्या खिडकीवरच्या बाईंनी माझं अमेरिकन शाळेचं सर्टिफिकेट उलटसुलट करून पाहिलं. "हे आमच्या बारावीबरोबर धरत नाहीत. त्या वरच्या परीक्षा दिल्यात म्हणता ना? त्यांचे मार्क आणा, मग सायन्सला घेता येईल. मूळ कागद हं, ईमेल नको."

मूळ कागद शारजाच्या पोस्टात जाणार होता. आता सगळं त्या एका पाकिटावर आलं. बाबांनी ऑफिसला फोन लावला. आधी नुसता वाजत राहिला, दुसऱ्या आठवड्यात लागेनासा झाला. कंपनीच बंद पडली होती. शाळेकडेही निकालाची प्रत असते, पण शाळेला उन्हाळ्याची सुटी, आणि आमच्या परीक्षांचं बघणाऱ्या मॅडम नोकरी जाऊन आपल्या देशी परतल्या होत्या. शेवटी मंडळातल्या एका काकांना बाबांनी पोस्टात पाठवलं. त्यांचा तिथूनच फोन आला.

"अरे, बॉक्स दिसतोय मला, आत पत्रंही असणार. पण हा खिडकीवरचा माणूस म्हणतो चावी लाओ. चावी कुणाकडे आहे?"

ड्रायव्हरला एप्रिलमध्येच काढलं होतं. तेव्हापासून बॉक्स बाबाच उघडत होते, आणि चावी त्यांच्या जुडग्यातच आली होती, शारजातल्या फ्लॅटच्या चावीशेजारी. त्यांनी ती खिशातून काढून टेबलावर ठेवली. आम्ही सगळे तिच्याकडे बघत बसलो.

चावी कुरिअर केली. ती पोचेपर्यंत बॉक्सचं कुलूप बदललेलं होतं. नवीन चावी हवी तर कंपनीचं लायसन्स दाखवा, म्हणाले. "खलास, भावा," मंडळातले काका फोनवर म्हणाले, "माफ कर." मग मी अमेरिकेत, परीक्षा घेणाऱ्यांच्या ऑफिसला फोन केला. तिकडची बाई फार गोड बोलली. निकाल पाठवलाय म्हणाली, दिलेल्या पत्त्यावर. पत्ता बदलायचा तर सहीचा अर्ज पोस्टानं पाठवा.

अर्ज पाठवला. ऑगस्टमध्ये प्रवेश बंद झाले. सप्टेंबरमध्ये मी बारावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाहेरून बसणाऱ्याला सायन्स मिळत नाही, म्हणून कॉमर्स. मला कॉमर्सचा मनापासून तिटकारा होता, तो आजही आहे, आणि त्याच्यावरच मी पोट भरते.

दसरा झाल्यावर पाकीट आलं. वरातीमागून घोडं. मी ते दारातच फोडलं. कॅल्क्युलस पाच, फिजिक्स पाच, केमिस्ट्री चार. बाबांनी कागद माझ्या हातातून घेतला, दोनदा वाचला आणि तो घेऊन आतल्या खोलीत गेले.

आई ओट्याशी उभी होती. "याच्यासाठी तीन महिने बिनपगारी राबलेत ते," ती हलक्या आवाजात म्हणाली. "ऑफिस आवरून द्या, तोवर व्हिसा ठेवतो, पगार मागू नका, अशी बोली होती मॅनेजरची. तुला सांगू नको म्हणाले होते."

मला त्या सकाळचा टोस्ट आठवला. शरम वाटली, आणि संतापही आला. कुणाचा, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

बाबा बाहेर आले तेव्हा त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कागद प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवला होता. दाराशी बसून त्यांनी बूट घातले, नाड्या बांधल्या आणि म्हणाले, "चल. कुठे द्यायचं हे?"

"कुठेच नाही, बाबा. प्रवेश ऑगस्टमध्येच बंद झाले."

त्यांना ते माहीत होतं. सतरा नंबरच्या फॉर्मवर पालक म्हणून त्यांचीच सही होती. ते बूट घालून तसेच स्टुलावर बसून राहिले. फाइल मांडीवर होती. मग त्यांनी विचारलं, "पण हे पाच म्हणजे पाचपैकीच ना?"

"हो, बाबा," मी म्हणाले. "पैकीच्या पैकी."