तेविसावा ठिपका

साहेब गाडीच्या दाराखाली टॉर्च मारून बराच वेळ पडून होते. उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "काम सुंदर आहे. पण गाडी पास होणार नाही."

मी धाड गावचा डेंटर. ठोकलेल्या गाडीचा पत्रा सरळ करणं हे माझं चाळीस वर्षांचं काम. ही गाडी मात्र वेगळी होती. चिखलीच्या डॉक्टरांच्या वडिलांची, दोन सीटची, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स कार. डॉक्टरांना ती कारखान्यातून निघाली तशीच करून जुन्या गाड्यांच्या रॅलीत न्यायची होती. तसं सर्टिफिकेट पुण्याचे हे साहेब देणार होते. "धाडच्या मिस्त्रीकडे टाकली?" म्हणून डॉक्टरांचे मित्र त्यांना हसले होते. माझ्या कानावर आलं, आणि चांगलंच झोंबलं.

"काऊन पास नाही?" मी विचारलं.

साहेबांनी दाराखालच्या पट्टीवर बोट फिरवलं. "इथले स्पॉट कुठे गेले?"

दोन पत्रे दाबून करंट दिला की ते जोडले जातात आणि टिकलीएवढा खड्डा पडतो. तो स्पॉट. जुनी पट्टी गंजून तिची चाळणी झाली होती. मी ती कापली, नवी घडवली, गॅसनं जोडली आणि जोड घासून गुळगुळीत केला. तीन दिवस गेले त्यात. ते खड्डे मला कारखान्याचा गचाळपणा वाटले होते!

"साहेब, मी तर त्याच्याहून चांगलं केलं."

"तिथंच चुकलं, सलीमभाई. तुम्ही गाडी सुधारली."

डॉक्टर नुसते गाडीवर कापड ओढू लागले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. साहेब आठ दिवसांनी परत येणार होते. तेवढीच मुदत.

खड्डे पुन्हा पाडता आले असते, पण नेमके कुठे? जुनी पट्टी भंगारात गेली होती. इथं अब्बांची शिकवण कामी आली. पत्रा कापायच्या आधी त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, हा त्यांचा नियम. "शकल डोस्क्यात राहत नाही बे, कागदावर राह्यते," म्हणायचे. मी आकारापुरता कागद घेतला होता. रॅकमागून ती गुंडाळी काढून उलगडली, तर ठिपकेही उमटलेले. सव्वीस. तेविसावा मात्र रांग सोडून पार खाली घसरलेला.

स्पॉट मशीन डेंटरकडे नसते. लोखंडी कपाटं बनवणाऱ्या रफिकची मिनतवारी करून त्यालाच मशीनसकट आणलं. माझी पट्टी मीच कापली. जिवावर आलं होतं, खोटं कशाला बोलू? दुसरी घडवली, कागद लावून खुणा केल्या आणि एकेक स्पॉट मारत गेलो.

तेविसाव्याला हात अडला. रफिक म्हणाला, "सरळ मार ना बे. कोण पाह्यते?"

"मागच्या खेपेले सुधारलं तेच नडलं," मी म्हणालो, आणि खालीच मारला.

साहेब आले. बोटानं मोजत गेले आणि तेविसाव्यावर थांबले. "हा वाकडा कसा?"

"कागदावर तसाच हाये, साहेब. सरळ करायचं लय मनात होतं."

त्यांनी कागद मागून घेतला, पट्टीला लावून पाहिला आणि सर्टिफिकेट बॉनेटवर ठेवूनच त्यावर सही केली. डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मिस्त्री, आता हसू दे म्हणावं त्यांना!"

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका सरळ करत आलो. नाव झालं ते एक चूक होती तशी ठेवली म्हणून.