शिक्रापूर ते दौंड, अण्णांच्या फ्लेक्सखाली

शिक्रापूरच्या चौकातून आमची पिकअप निघाली आणि मी सीटवर उलटी बसले, गुडघे टेकून, मागच्या काचेला नाक लावून. कारण मागं आमचं मशीन होतं. सहा फुटी, फ्लेक्स छापायचं, जुनं, पण आमचं. दौंडला मी आणि माझी मैत्रीण अंजुम दुकान काढतोय. गाळा रंगवून झालाय, पाटी लागलीय, फक्त मशीन यायचं बाकी होतं.

ज्या काकांकडून घेतलं त्यांनी सकाळीच शाई उपसून काढली आणि हेड (शाईचा फवारा मारतो तो भाग) लिक्विड भरलेल्या टोपीवर बसवलं. "हे बघ पोरी, मशीन कलंडलं की लिक्विड सांडतं. सांडलं की हेड वाळतं. आन् हेड वाळलं तर हे मशीन म्हंजी नुसतं लोखंडी बाकडं. आज संध्याकाळी चालू झालंच पाहिजे."

वर धूळ बसू नये म्हणून काकांनी एक बिघडलेला फ्लेक्स गुंडाळून आपल्याच दोऱ्यांनी बांधला, कुठल्या तरी अण्णांच्या वाढदिवसाचा. लाल शाई अडकली होती तेव्हा छापलेला, त्यामुळे अण्णांना कावीळ झाल्यासारखी दिसत होती. त्यावर मी अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी चिकटवली. बाटलीतलं पाणी सरळ, तर मशीन सरळ.

गाडी चालवत होते अंजुमच्या शेजारी राहणारे याकोब मामा. चर्चमधली गाणी गुणगुणत, एक हात खिडकीबाहेर.

"मामा, हळू."

"आगं हळूच हाय की. ह्याच्यापेक्षा हळू म्हंजी गाडी उभी."

तळेगाव ढमढेरे गेलं, न्हावरा गेलं. किती स्पीडब्रेकर आहेत हो त्या रस्त्यावर. प्रत्येकाला बाटलीतलं पाणी उसळायचं. पुढं उसाच्या जोडट्रॉल्या, मागून हॉर्न. भीमेच्या पुलावर मामा म्हणाले, नदी बघ, सगळी जलपर्णीनं हिरवी झालीय. मी म्हटलं, तुम्हीच बघून सांगा.

चौफुल्याला हायवेला लागून वरवंडला पोचलो तेव्हा मामांना चहा हवाच होता. मी मिरचीची भजी घेऊन मशीनजवळच उभी राहिले. तेवढ्यात चौकड्याच्या शर्टातला एक जण आला. मला वाटलं मशीन बघतोय, म्हणून मी लगेच सांगायला लागले, हे कसं छापतं, किती मोठं छापतं. तो म्हणाला, "अण्णांच्या तोंडावर दोरी कुणी बांधली?"

अण्णा इथलेच निघाले. आणखी तिघं जमले.

"आन् पिवळं कशानं केलं त्यांना?"

"शाई अडकली होती."

"सांगू का अण्णांना, शाई अडकली म्हणून?"

मामा चहा घेऊन आले. "आरं बाबांनो, एवढं ऊन हाय. अण्णांनी सावली धरली म्हणा की."

"मामा, तुम्ही चहा प्या. फ्लेक्स काढा."

काढला असता तर रस्त्याची सगळी धूळ मशीनच्या आत. मी म्हटलं, "उलटा करू. अण्णा आत, पांढरी बाजू बाहेर. दोरी पांढऱ्यावर."

त्यांनी एकमेकांकडं बघितलं. "तोंड दिसणार न्हाई ना? मग चालतंय."

मग सगळे एकदम एकाच बाजूनं गाडीत चढले. गाडी कलली आणि बाटलीतलं पाणी सर्रकन एका टोकाला. मी ओरडले, दोघं तरी तिकडं व्हा. पाणी परत सरळ झालं. आतलं किती सांडलं ते कळायला मार्ग नव्हता.

बाटली सोडवून फ्लेक्स उचलला, तसा चौकड्याच्या शर्टातला हातात कोपरा धरून थांबला. खाली शुभेच्छुकांच्या बारक्या फोटोंची रांग होती.

"हा मी हाय."

"आरं संत्या, तू कवा शुभेच्छुक झाला?" बाकीचे हसले.

तो हसला नाही. चौकात जो फ्लेक्स लागला त्यात ही खालची रांगच नव्हती म्हणे. "आईला दाखवायला नेलं, आन् मी न्हाईच." मी गुपचूप त्या रांगेचा फोटो काढून ठेवला. शेवटची गाठ संतोषनंच मारली, मी बाटली परत चिकटवली, आणि तो मामांना म्हणाला, "आता हळू घ्या. आत मी हाय."

दौंडला अंजुमनं गल्लीतली सहा माणसं बोलावून ठेवली होती. बाटलीकडं बघत बघत मशीन आत नेलं, शाई भरली, चालू केलं. चाचणीच्या रेघा आल्या. काळी पूर्ण, निळी पूर्ण, पिवळी पूर्ण. लाल कोरी. अंजुमनं हेड साफ केलं, तरी कोरी. परत केलं, तुटक तुटक आली. तिसऱ्यांदा सगळ्या रेघा आल्या. अंजुम खाली फरशीवरच बसली.

पहिलं काय छापायचं, तर दुकानाचं शुभारंभाचं तयार होतं. मी म्हटलं, थांब, आधी एक माणूस. मोबाईलमधल्या त्या फोटोतला पिवळेपणा काढला आणि संतोषला हातभर मोठा छापला. रंग बरोबर आला.

दुसऱ्या दिवशी काकांच्या दोऱ्या परत द्यायला निघालो तेव्हा वरवंडला तो फ्लेक्स संतोषच्या हातात दिला. त्यानं लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला.

"जरा गोरं करायचं की."

त्या दिवशी मी सीटवर सरळ बसले होते. आदल्या दिवशी मी एका बाटलीशिवाय काहीच बघितलं नव्हतं, हे तेव्हा कळलं. पुलावरून नदी दिसली, खरंच हिरवीगार. परत येताना वरवंडला चहाच्या टपरीच्या खांबावर संतोष लागला होता, आणि एक म्हातारी मान वर करून त्याच्याकडं बघत होती. दोरी चारी कोपऱ्यांना होती, तोंडावर नव्हती.