पावसाळ्याआधीची कॉपी

वीज दवाखान्यावर पडली नाही, मागच्या मोहाच्या झाडावर पडली. तरी सर्व्हर जळाला. शेजारच्या खोलीतली बॅकअपची डिस्कही जळाली, कारण दोन्हींची लाइन एकच. जळक्या प्लास्टिकच्या वासात मी उभा होतो आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आमचा दवाखाना गडचिरोलीच्या जंगलातला, सिकलसेलच्या मुलांचा. कोणाला कोणत्या गोळीचा किती डोस, कोणाला कोणतं रक्त चढवताना त्रास झाला होता, हे सगळं त्या युनिक्सच्या सर्व्हरवर. ते गेलं तर डॉक्टरबाईंनी मुलांवर अंदाजाने उपचार करायचे, इतका सरळ मामला होता. सर्व्हर सांभाळायला मी चंद्रपूरहून आलो होतो, आणि तो बंद पडला तर पुन्हा कसा उभा करायचा याची आखणीही माझीच. एक कॉपी लांब असावी म्हणून ती वडशाला ठेवायची, असं मी ठरवलं होतं. औषधं आणायला जाणारी जीप दर महिन्याला नवी डिस्क तिकडे न्यायची. यंदा पुराने रस्ता तुटला, औषधं दुसरीकडून येऊ लागली, जीप वडशाला गेलीच नाही. म्हणजे तिथे होती ती डिस्क पावसाळ्याआधीची.

तीच आणली. नव्या मशीनवर चढवली. पडद्यावर मुलांची नावं एकाखाली एक उतरू लागली तेव्हा डॉक्टरबाईंचा जीव भांड्यात पडला. मला मिरवायची हौस आहे, मी दिवसभर मिरवलं. जुने केसपेपर आम्ही ठेवत नव्हतो, पण पावसाळ्यातले होते; त्यांवरून त्या नोंदी पुन्हा भरायच्या राहिल्या होत्या. आधी डोस आणि रक्त भरायचं, बाकीचं सावकाश, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी ही गर्दी. लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाची कापणी टाकून माणसं आली होती, कडेवर मुलं, हातात डबे. मी हबकलो. कोणी बोलावलं म्हणून विचारलं, तर जो तो मोबाइल पुढे करायचा. तपासणी चुकली की मुलाचं नाव घालून घरी मेसेज पाठवणारा एक प्रोग्राम त्याच सर्व्हरवर होता. सर्व्हर उठला तसा तोही उठला. त्याच्या हिशेबी पावसाळ्यापासून एकही मूल दवाखान्यात फिरकलं नव्हतं. त्याने सरसकट सगळ्यांना बोलावलं होतं, आणि जे येणार नाहीत त्यांना तो रोज बोलावणार होता.

मी तो बंद करायला धावलो. डॉक्टरबाईंनी अडवलं. येऊ दे, म्हणाल्या, सगळी मुलं एकदा डोळ्यांखालून जातील, नोंदीही ताज्या होतील. मला पटलं. आजही त्यात चूक काढता येत नाही, आणि याचाच मला संताप येतो.

मग चार दिवसांनी धानोऱ्याकडची एक बाई एकटीच आली. कडेवर मूल नव्हतं. एवढ्या लांबून येऊन पोराला घरी ठेवून आलीस कशी, असं मी तिला जरा रागावूनच विचारलं.

"भाऊ, पोरगी श्रावणात गेली," ती म्हणाली. "इथीच गेली. तुमचं मशीन तिले रोज बोलावून राह्यलं. ते बंद करा."

त्या मुलीचा केसपेपर माझ्याच टेबलावर होता, गठ्ठ्याच्या तळाशी. मेलेल्यांना डोस लागत नाही, म्हणून ते पेपर आपोआप खाली गेले होते. मशीन जळलं, आधीचं जेवढं जपून ठेवलं होतं तेवढंच परत आलं, असं काहीतरी मी तिला सांगत सुटलो. तिने ते नीट ऐकून घेतलं.

"मंजे त्याच्यात ती अजून जिती आहे?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. मुलीची नोंद उघडली. नाव कुठे आहे ते तिने विचारलं, मी बोटाने दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, मेसेजही शेजारचे वाचून दाखवायचे, तरी ती त्या ओळीकडे बघत राहिली. बाकीच्यांचे चालू ठेवून तिचेच मेसेज थांबवायचा एकच मार्ग होता. मी 'मृत' निवडलं. जिवंत मूल कोणी चुकून मेलेलं लिहू नये म्हणून प्रोग्राम तिथे पुन्हा एकदा विचारतो. त्याने विचारलं. मला ते बटण दाबवेना.

"काय विचारून राह्यलं ते?" ती म्हणाली.

मला खोटं सुचलं नाही. "नक्की का, असं विचारतंय."

तिने पदराने तोंड पुसलं.

"हो म्हना त्याले, भाऊ."