कायमचा पत्ता

पोलिसांनी गावातल्या तरुण पोराचं नाव घेतलं की "माहीत नाई" म्हणायचं, हे आमच्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही. पोर चालायला शिकतं, तसं हेही शिकतं. आलापल्लीच्या पुढे रस्ता जंगलात शिरतो, त्या बाजूचं आमचं गाव, तीस-पस्तीस घरांचं. कागद घेऊन येणारा माणूस सरकारचा असो की जंगलातला, त्याला पोरांची नावं हवी असत. नाव एकदा कागदावर चढलं की पोरगा घरी परतेल याचा भरवसा नसे. म्हणून आलेल्याला खाट टाकायची, पाणी द्यायचं, नाव मात्र द्यायचं नाही. मी गावची अंगणवाडी सेविका. दहावी पास, लहान मुलांची वजनं घेऊन रजिस्टर भरणारी. आपण या भीतीतून केव्हाच बाहेर पडलो आहोत, असं मला वाटत असे. शिकलेल्या माणसाला स्वतःबद्दल असं बरंच काही वाटत असतं.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आश्रमशाळेतून तो चंद्रपूरला शिकायला गेला आणि तिथून गडचांदूरच्या एका सिमेंट कारखान्यात चुनखडी तपासायच्या कामावर लागला. वडील त्याआधीच वारले होते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी कोणीतरी त्याच्या डोक्यात दुबईचं खूळ घातलं, म्हणून त्याने भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर पासपोर्ट काढून ठेवला. दुबई राहून गेली. पुढे दोन हजार साल उलटल्यावर शिष्यवृत्ती मिळवून तो खाणकामाचं शिक्षण घ्यायला कॅनडाला गेला. मी आईला अंगणवाडीच्या भिंतीवरच्या नकाशात तो देश दाखवला. तिने मधल्या निळ्या रंगावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "एवढं पानी काऊन हाय मधात?" मी म्हटलं, समुद्र आहे. घरात आम्ही गोंडीच बोलतो. आईचं बोलणं इथे मी बाजारातल्या मराठीत आणलं आहे, परक्यांशी ती जशी बोलायची तसं.

दर आठवडी बाजाराला मी सायकलने आलापल्लीला जायची. तिथे एका चाचाचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानातच एसटीडीचा फोन. भाऊ ठरलेल्या वेळी त्या फोनवर फोन करी. चाचा मला स्टुलावर बसवून स्वतः बाहेर गिऱ्हाईकाशी मोठमोठ्याने बोलत उभा राही, आमचं बोलणं कानावर पडू नये म्हणून.

निकाल लागला तेव्हा भाऊ फोनवर खूप वेळ हसत होता. शिक्षण संपलं की तिथे राहून काम करायला वेगळा परवाना लागतो, असं त्याने सांगितलं. निकालानंतर नव्वद दिवसांच्या आत अर्ज करायचा आणि सोबत कामावर घेणाऱ्याचं पत्र जोडायचं. पत्र त्याला मिळालं होतं, तेही चुनखडीच्याच खाणीत. मी म्हटलं, "एवढ्या दूर जाऊन पुन्हा चुनखडीच?" तो म्हणाला, "ओळखीचा दगड बरा." पण त्याच्या पासपोर्टची मुदत संपत आली होती, आणि परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नसत. तेव्हा आधी नवा पासपोर्ट हवा. गडचांदूरची खोली केव्हाच सुटली होती. नव्या अर्जात कायमचा पत्ता म्हणून त्याने मोठ्या हौसेने आमच्या गावाचं नाव लिहिलं. त्या पत्त्यावर पोलीस चौकशीला येतील, एवढंच तो आम्हाला सांगायला विसरला.

मोह वेचायचे दिवस होते. पोलीस ठाण्याचा जमादार बंदूकवाल्या चार जवानांसोबत चालत आला. अंगणात आई मोहफुलं वाळत घालत होती. त्याने भावाचं नाव घेऊन विचारलं, "कुठी असते हा?"

आईने वर पाहिलंही नाही. "असा कोनी नाई आमच्यात. मले एकच पोरगी हाय."

जमादाराने गावपाटलाला विचारलं, शेजारच्या घरी विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच. शेवटी तो अंगणवाडीच्या दारात आला. त्याच्या हातातला कागद मला दिसत होता. तो मी मागून घेऊन वाचू शकले असते, वाचायलाच तर शिकले होते. पण त्याच्या तोंडून भावाचं नाव आलं आणि माझी मान आपोआप हलली. "नाई माहीत," मी म्हणाले. मग त्याला पाणी दिलं. तो पाणी प्यायला आणि गेला.

आई त्या दिवशी खुशीत होती. आपण पोराला वाचवलं, असं तिने शेजारणीला सांगितलं. मलाही तसंच वाटलं होतं, हे इथे लिहून टाकते.

तीन बाजार गेल्यावर भावाचा फोन आला. पासपोर्ट अडकला होता. गावातून अहवाल गेला होता की हा इसम सदर पत्त्यावर राहत नाही, गावात त्याला कोणी ओळखत नाही. तो ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. मग त्याने विचारलं, "आईनं पन नाई म्हटलं?"

"हो."

"अन् तू?"

बाहेर चाचा कोणाला तरी लुगड्याचा भाव सांगत होता. भावाने मला दोष दिला नाही. चौकशी पुन्हा होईल, पण नव्वद दिवसांतले थोडेच उरलेत, असं तो म्हणाला. तोवर पासपोर्ट आला नाही तर परवाना नाही, परवाना नाही तर नोकरी नाही, आणि हातात काही नसताना परत यायचं. "इतकी वर्सं कायले घालवली मंग?" तो म्हणाला.

पुन्हा चौकशी व्हायची तर ठाण्यात अर्ज द्यावा लागणार होता. आमच्याकडे ठाण्याची पायरी चढणं साधी गोष्ट नव्हे. कोण गेलं, कशाला गेलं, काय सांगून आलं, याची उत्तरं मागणारे जंगलात होते, आणि उत्तर पटलं नाही तर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. गावपाटलाला मी सगळं खरं सांगितलं. "आपनच नाई म्हटलं, आपल्यालेच निस्तरावं लागंन," तो म्हणाला, आणि सोबत यायला निघाला. मासिक अहवालाच्या रजिस्टरात भावाचा शाळा सोडल्याचा दाखला आणि रेशनकार्ड दडवून आम्ही ठाण्यात गेलो. पाटलाने आत जाईपर्यंत एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

आता आईला तयार करायचं होतं. मी तिला एवढंच सांगितलं की जमादार पुन्हा येणार आहे, या वेळी खरं सांगायचं, नाहीतर भावाचं काम अडून राहील. कोणतं काम, ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सांगायला वेळ नव्हता असं नाही. शिकवलेलं वाक्य ती रोज म्हणून दाखवी. त्याच दिवसांत तिने माळ्यावरची भावाची खाट उतरवून नवी दोरी विणायला घेतली. चारोळ्या फोडून डब्यात भरून ठेवल्या, त्याला आवडतात म्हणून. मी हे सगळं पाहत होते.

तेंदूपत्त्याच्या हंगामात जमादार आला, तोच. आई हात पुसत उठली आणि त्याने विचारायच्या आधीच म्हणाली, "माझा लेक हाय तो. इथीच राहते. याच घरी."

"मागं तर तुम्ही नाई म्हटलं होतं, बाई."

"मागं मले वाटलं, तू त्याले न्यायले आला."

"अन् आता?"

"आता तू त्याले आनून राह्यला ना," आई म्हणाली.

जमादाराने माझ्याकडे पाहिलं. कागद कशासाठी आहे ते आईला ठाऊक नाही, हे त्याला बहुतेक कळलं होतं. मी नजर खाली घातली. तो भला माणूस असावा. त्याने शाईची डबी उघडली. आईने अंगठा इतका जोराने दाबला की ठसा पसरला आणि दुसरा घ्यावा लागला.

मुदतीला चार दिवस उरले असताना पासपोर्ट भावाच्या हाती पडला. परवाना एका वर्षाचा मिळाला, त्याच्यावर पुढे आणखी मिळाले. फोनवर तो रडला. "आईले सांगतलं?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. सायकल हातात धरून मी बाजारभर फिरले आणि काहीही न घेता परत आले.

तो कधी येईल, असं आई विचारायची. पावसाळ्याआधी, मी म्हणायचे. मग पावसाळ्यानंतर. आमच्यात नव्या धानाचा पहिला भात आधी देवाला आणि पूर्वजांना देतात, मग घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याचा पानावर वाढतात. त्या वर्षी आईने तीन पानं मांडली, आणि तिसऱ्या पानापुढे मला आणखी खोटं बोलवेना. तो कागद त्याला परत आणण्यासाठी नव्हता, तिथेच ठेवून घेण्यासाठी होता, हे मी तिला सांगितलं. मला आधीपासून माहीत होतं, हेही सांगितलं.

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हनजे जमादाराले मी पयल्यानं सांगतलं, तेच खरं होतं," ती म्हणाली.

मग तिने तिसऱ्या पानातला भात उचलून माझ्या पानात वाढला आणि म्हणाली, "खा." मी तो खाल्ला.