मानाच्या क्रमाने सायकली

माझी आत्या सायकल चालवते ही गोष्ट तिच्या हयातीत आमच्या घराण्याला लपवावीशी वाटे, आणि ती गेल्यावर वर्ष भरायच्या आत मिरवावीशी वाटू लागली. एवढं मोठं मतपरिवर्तन इतक्या थोड्या अवधीत मी दुसऱ्या कोणत्याही विषयात पाहिलेलं नाही.

ऐंशी सालच्या आसपासची ही गोष्ट. आत्याने लग्न केलं नव्हतं. नगरपालिकेच्या शाळेत ती शिकवत असे. घर ते शाळा साडेतीन किलोमीटर, जाऊन येऊन सात. रविवारी ती गंगापूर धरणापर्यंत जाऊन येई, ते बावीस. असं तिने सव्वीस वर्षं केलं. सुट्ट्या वजा करून मी एकदा हिशेब मांडला, तर अडुसष्ट हजार किलोमीटरच्या वर आकडा गेला. म्हणजे पृथ्वीला एक प्रदक्षिणा पुरी होऊन दुसरी निम्म्याहून जास्त झाली होती. एवढं अंतर एखाद्या देवळाभोवती चालली असती, तर घराण्याने तिचे पाय धुतले असते.

तिचे सगळ्यात मोठे भाऊ, म्हणजे आमचे थोरले काका, ती समोरून सायकलवर येताना दिसली की बोळात वळायचे. मग तो बोळ कुठेही जाणारा असो. त्याच काकांनी प्रथम पुण्यस्मरणाच्या दीड महिना आधी सगळ्यांना घरी बोलावलं आणि जाहीर केलं, "नुसतं भटजी आणि जेवण नको. आपण सायकल फेरी काढू. घर ते धरण. सायकल हीच तिची ओळख होती."

"म्हणून तर ओळख दाखवत नव्हते," माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. फक्त मला ऐकू येईल एवढंच.

फेरीची बातमी ऐकून आमच्या घरात एकच माणूस मनापासून खूश झालं, ते म्हणजे माझी तेरा वर्षांची मुलगी. तिला सायकल आत्यानेच शिकवली होती. "हँडल हलायचं थांबलं की तुला धरणावर नेईन," असं कबूल केलं होतं. हँडल हलायचं थांबलं आणि पंधरा दिवसांत आत्या गेली. तेव्हापासून मुलगी एकटी जाऊ का म्हणून विचारत होती आणि मी नाही म्हणत होतो. एकूण एक्केचाळीस वेळा. कारणं तीनच होती: ट्रक, ऊन आणि लोक. ती मी आळीपाळीने वापरत असे.

"बाबा, आता तर सगळी मोठी माणसं बरोबर आहेत," ती म्हणाली. "आता कुठलं कारण?"

माझ्याकडे चौथं नव्हतं.

पुढची बैठक अडीच तास चालली. आत्यावर दहा मिनिटं, उरलेला वेळ कोणी कोणाच्या पुढे चालायचं यावर. काका अडुसष्ट वर्षांचे, ते सर्वांत पुढे, यावर वाद नव्हता. दुसरा नंबर धाकट्या आत्याच्या यजमानांचा, म्हणजे घरच्या जावयांचा लागला. तिथे गाडी अडली.

"माझं काही नाही," जावई म्हणाले. आमच्याकडे भांडणाची सुरुवात याच वाक्याने होते. "पण तीस वर्षांत या घरात मला कोणी कोणाच्या मागे बसवलेलं नाही."

"बसवत नाही हो जावईबापू, चालवायची आहे!" काका म्हणाले.

"तेच म्हणतो मी."

शेवटी काका आणि जावई शेजारी-शेजारी, त्यांच्यामागे वयाच्या क्रमाने पुरुष, बायका टेम्पोत, असं ठरलं. माझ्या मुलीलाही टेम्पोतच घातलं होतं. ती सायकलवरच येईल असं मी सांगितलं, तेव्हा काकांनी उदार होऊन तिला चौदावा, म्हणजे शेवटचा नंबर दिला. "मात्र पुढच्याला ओलांडायचं नाही," ते म्हणाले. "वडीलधाऱ्यांच्या पुढे जाणं बरं दिसत नाही." तिच्यावर लक्ष ठेवायला मी तेरावा.

हा नियम पंगतीत उत्तम चालतो, कारण पंगत एका जागी बसलेली असते. मी भीत भीत म्हणालो, "काका, सायकल फार हळू चालवली की तोल जातो. पुढचे हळू गेले तर मागचे सगळे पडतील."

"मग काय आम्ही या वयात शर्यत लावायची?" काका म्हणाले. मुद्दा निकालात निघाला.

मी आणखी एक माहिती काढली होती, ती मात्र सांगितली नाही. चौदा जणांपैकी गेल्या वर्षभरात सायकलवर बसलेले चार होते. काका शेवटचे बसले होते माझ्या लग्नाच्या आधी.

रविवारी सकाळी साडेसातला फेरी निघाली. आत्याची काळी लेडीज सायकल धुऊन, हार घालून, तिच्या फोटोसकट टेम्पोत उभी केली होती. जी उत्तम चालत होती ती टेम्पोत, आणि ज्या चालत नव्हत्या त्या रस्त्यावर. बहुतेकांनी सायकली तासावर भाड्याने आणल्या होत्या. पहिल्या किलोमीटरला अकरा मिनिटं लागली. दुसऱ्यात जावयांचं हँडल काकांच्या हँडलला लागलं आणि दोघांनी एकदम पाय टेकले. मागे विटांची रांग ढकलल्यासारखं झालं. पाच जण पडले, सगळे मानाच्या क्रमाने. मुलगी पडली नाही. ती एका जागी तोल सांभाळत उभी राहिली. ही युक्ती आत्याची.

आनंदवल्लीच्या पुढे काका उतरले. "जरा पायी चालू," ते म्हणाले, "तिची आठवण काढत." वडील पायी चालत असताना जावई सायकलवर कसे बसणार? ते उतरले. मग तिसरा, मग चौथा. थोड्याच वेळात तेरा पुरुष आणि एक मुलगी सायकली हातात धरून चालत होते आणि एक सायकल टेम्पोत बसून मागून येत होती. शेजारून एक बैलगाडी आम्हाला ओलांडून गेली. गाडीवान वळून म्हणाला, "काय वो, समद्यांच्याच पंक्चर झाल्या का?"



सोमेश्वरला पोचायला एक तास चाळीस मिनिटं लागली. अंतर साडेपाच किलोमीटर, म्हणजे बरोबर निम्मं. देवळाबाहेर काकांनी घाम पुसला आणि म्हणाले, "मला वाटतं भावना पोचल्या. इथेच फोटो ठेवू, दोन शब्द बोलू आणि परत फिरू." अडीच तासांच्या बैठकीत जे एकमत झालं नव्हतं ते इथे एका क्षणात झालं. जावईसुद्धा म्हणाले, "अगदी बरोबर."

मुलगी सायकल ढकलत माझ्याजवळ आली. काकांशी ती बोलली नाही.

"बाबा, साडेपाच राहिले."

मी काकांना म्हणालो, "ही धरणापर्यंत जाऊन येईल."

"एकटी? आणि आम्ही सगळे इथे असताना? लोक काय म्हणतील?"

तीनपैकी तिसरं कारण काकांच्या तोंडून ऐकलं, आणि ते किती पोकळ आहे हे मला तेव्हा कळलं. स्वतः म्हणत होतो तोवर ते चांगलं भरीव वाटायचं.

"एकटी नाही, मी जातो मागे," मी म्हणालो. आणि तिला म्हणालो, "चल. माझ्यासाठी थांबू नकोस."

ती थांबली नाही. पहिल्या चढावर ती दिसत होती, दुसऱ्यावर तिचा पांढरा फ्रॉक तेवढा दिसत होता, नंतर तोही नाही. ट्रक तीन आले, तिन्ही सावकाश गेले. ऊन होतं, पण उन्हाने मी हैराण झालो होतो, ती नव्हे. मला साडेपाच किलोमीटरला एक्केचाळीस मिनिटं लागली. तिला किती, ते मी विचारलं नाही.

धरणाच्या भिंतीशी झाडाखाली ती बसली होती. सायकल नीट स्टँडवर लावलेली. समोर पाणी पार डोंगरापर्यंत पसरलेलं. मी उतरलो आणि सायकलच्या सीटवर डोकं टेकून उभा राहिलो.

"बाबा," ती पाण्याकडे बघत म्हणाली, "मी आता दर रविवारी येणार."

नाही म्हणायला जेवढा श्वास लागतो, तेवढा माझ्यापाशी उरला नव्हता.