साहेब लाइनवर आहेत

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत तक्रारी ऐकायला एकच बाई होती, आणि सगळे तिला ताई म्हणत. जिन्याखालची खोली, दोन फोन, इमारतींच्या चाव्यांचा फळा आणि मेकॅनिक लोकांच्या ग्रीसने माखलेल्या पिशव्या, एवढं तिचं राज्य. लिफ्टमध्ये माणूस अडकला की पहिला फोन तिला यायचा. दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेल्या माणसाच्या तोंडाचा पट्टा कसा सुटतो, हे ताईइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

ताईचा साहेब जन्माला आला तो सर्दीमुळे. त्या दिवशी तिचा घसा पार बसला होता आणि पलीकडून एक गिऱ्हाईक ओरडत होतं, "मला बाईमाणसाशी बोलायचंच नाहीये! कुणी पुरुष आहे का तिथं?"

"आहेत ना, देते," असं म्हणून ताईने रिसीव्हर टेबलावर ठेवला, दोन घोट पाणी प्यायली, खुर्ची खरखर ओढली आणि रिसीव्हर उचलून थेट छातीतून म्हणाली, "बोला."

"हां, आता कसं!" गिऱ्हाईक म्हणालं. मग ताईने आधी दोनदा सांगितलं होतं तेच साहेबाने एकदा सांगितलं, अगदी शब्दाला शब्द. गिऱ्हाइकाने आभार मानले. वर, "त्या बाईंना जरा शिकवा हो काहीतरी," असंही सुचवलं.

"शिकवतो," साहेब म्हणाला.

सर्दी गेली, साहेब राहिला. बघता बघता बारा वर्षं राहिला. दुपारच्या चहाला मेकॅनिक मंडळी जमली की ताई त्याचे किस्से सांगायची. साहेब सासूला कसा घाबरतो, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर कसा शोधतो, साधा खिळा ठोकायला तिघांना कसा कामाला लावतो. सांगताना ती बाकावर अशी ऐसपैस बसायची, की थोरल्या मिस्त्रींना उठून उभं राहावं लागे. "ताई, आवाज कसा काय काढता हो एवढा?" ते एकदा म्हणाले. ताई म्हणाली, "त्यात काय आहे? प्रत्येक वाक्यानंतर 'चालेल ना?' विचारायचं बंद करा. आवाज आपोआप खाली उतरतो."

एकदा तर तिच्या नवऱ्यानेच फोन केला. बायको रोज उशिरा घरी येते, स्वयंपाकाची पंचाईत होते, तेव्हा तिच्या साहेबांशीच काय ते बोलून घ्यावं, असं त्याच्या मनात आलं. ताईने मन घट्ट केलं आणि साहेबाला लाइनवर घेतलं. साहेबाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचे हात धड आहेत ना?" "हो साहेब." "मग कणीक मळून ठेवत जा." त्या दिवसापासून कणीक मळलेली असायची. "तुझे साहेब माणूस म्हणून फार मोठे आहेत गं," नवरा तिलाच सांगायचा. नवऱ्याने बायकोचा आवाज उभा जन्म ऐकलेला असतो हे खरं, पण लक्ष देऊन ऐकलेला असेलच असं नाही.

आता यात कुणाला फसवाफसवी दिसेल. दिसू दे. विभागप्रमुखाच्या जागेसाठी ताईने तीनदा अर्ज केला होता, आणि "संतापलेली गिऱ्हाइकं बाईमाणसाला झेपायची नाहीत," या एकाच उत्तरावर तो तीनदा परत आला होता. तीच गिऱ्हाइकं ती रोज झेलत होती, फक्त घसा बदलून. ही जागा तिला हवी होती, अगदी जिवापाड हवी होती, आणि हे ती लपवतही नसे.

मग एका इमारतीच्या आठव्या मजल्यावरचे आजोबा आले. म्हणजे त्यांचे फोन यायला लागले. चित्रकलेचे निवृत्त मास्तर, एकटे राहणारे. आधी लिफ्टच्या दाराची कुरकुर, मग पंख्याची, आणि एके दिवशी लिफ्ट ठणठणीत चालू असताना त्यांनी फोन करून साहेबांना मागितलं.

"साहेब, या घरात आम्ही दोघं राहायचो," ते म्हणाले. "लोकांना मी सांगायचो, मावसभाऊ आहे. एकतीस वर्षं हेच सांगितलं. तो गेला तेव्हा सगळे भेटायला आले, म्हणाले भाऊ गेला, वाईट झालं. साहेब, तो माझा भाऊ नव्हता हो."

साहेबाच्या आवाजात रडता येत नाही, ही त्या आवाजातली मोठी गैरसोय ताईला त्या दिवशी कळली. "समजलं मला," साहेब कसाबसा म्हणाला. "कसे होते ते? सांगा ना."

तेव्हापासून दर गुरुवारी अर्धा तास आजोबा सांगत आणि साहेब ऐकत असे. तो कसा घोरायचा, सिनेमा सुरू झाला की पाचव्या मिनिटाला कसा झोपायचा, आणि रुसला की नुसती भांडी कशी आपटायचा. एकतीस वर्षांचा संसार, आणि तो ऐकायला जगात एकच माणूस होता. तोही नव्हता.

आजोबांनी आभाराचं चार पानी पत्र मालकांना धाडलं आणि घोटाळा झाला. मालक नवे होते, सहा महिन्यांपूर्वी वडिलांच्या खुर्चीत बसलेले. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं ऑफिस, जिन्याखाली ते कधी उतरले नव्हते. हे साहेब वडिलांच्या काळातले असणार, असं ते धरून चालले. पगारपत्रकात असा कुणी साहेब सापडेना, तेव्हा तर त्यांचा आदर दुणावला. आजच्या काळात बिनपगारी राबणारा माणूस! त्यांनी लगेच ठरवलं की विभागप्रमुख करायचं ते यांनाच, आणि पुष्पगुच्छ द्यायचा तो आजोबांच्या हातून. निरोप ताईलाच आला. साहेबांना घेऊन या.

चार दिवस ताईला जेवण गोड लागलं नाही. नोकरी गेली तर गेली, हात-पाय शाबूत आहेत. पण आजोबांनी आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगितलं, आणि ते सांगितलं एका सोंगाला. हे कळल्यावर ते पुन्हा कुणाजवळ तोंड उघडतील का? दोनदा तिने त्यांचा नंबर फिरवला आणि दोनदा ठेवून दिला.

मालकांच्या केबिनमध्ये आजोबा कडक इस्त्रीचा कोट घालून बसले होते, मांडीवर गुच्छ. ताईच्या मागून सोबतीला आलेले थोरले मिस्त्री आत शिरले. मालकांनी उत्साहाने त्यांचाच हात हातात घेतला.

"मी नाही, मी नाही," मिस्त्री दचकून म्हणाले.

"मग साहेब कुठायत?"

"मीच," ताई म्हणाली. आणि सर्दीपासून सगळं सांगून टाकलं. आजोबांच्या गुरुवारांबद्दल मात्र तिने अवाक्षर काढलं नाही. शेवटी ती त्यांच्याकडे वळली. "आजोबा, तुम्ही एका पुरुषावर भरवसा टाकलात आणि निघाले मी. चुकलं माझं."

आजोबा गालातल्या गालात हसले. "अहो, मला दुसऱ्याच फोनला कळलं होतं. मी स्वतः जन्मभर सोंग वठवलंय. मला दुसऱ्याचं ओळखू येणार नाही?"

"मग बोलला नाहीत ते?"

"जो माणूस मुळात नाहीच, तो कुणाला जाऊन सांगणार?" आजोबा म्हणाले. "आणि खरं सांगू? बोलायचा साहेब, पण ऐकायच्या तुम्ही. त्यासाठी तर फोन करायचो."

ताईला रडू आलं, आणि या वेळी तिने ते येऊ दिलं. आजोबांनी गुच्छ तिच्या हातात दिला.

मालक मात्र हनुवटी खाजवत विचारात पडले होते. "हे बघा बाई," ते म्हणाले, "मी काही जुन्या वळणाचा नाही. पण गिऱ्हाइकांचा विश्वास आहे तो साहेबांवर. असं करू, कागदोपत्री विभागप्रमुख साहेबच राहू देत. तुम्ही त्यांच्या मदतनीस. नाहीतरी काम तुम्हीच करणार आहात."

म्हणजे नसलेल्या पुरुषाला बढती, आणि असलेली बाई त्याच्या हाताखाली! ताईने डोळे पुसले, गुच्छ टेबलावर ठेवला, कुणी बसा न म्हणता समोरची खुर्ची ओढली आणि तिच्यात ऐसपैस बसली.

"ऐका," साहेब म्हणाला. केबिनची काच थरथरली असं मिस्त्री आजही शपथेवर सांगतात. "मी आत्ता, या क्षणी राजीनामा देतोय. बारा वर्षं सगळं काम या बाईंनी केलं, मी नुसता नावाचा धनी. माझ्या जागी यांना बसवा. कागद आताच्या आता करा, मला वेळ नाही."

मालक खुर्चीतून अर्धे उठले.

"बरं साहेब," ते म्हणाले, आणि पेन शोधायला लागले.